बोर्ड कागदावर असतानाच

“जरा दोन पावलं मागे जाता का?”

बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलीला कुणी असं म्हणतं का? पण तो म्हणाला, आणि तेही वर न बघता. तळहाताएवढा रेडिओ कानाशी धरलेला, कपाळावर आठ्या... जसं काही मी त्याच्या पायावरच उभी होते.

“थांबा तुमच्या मालकीचा आहे?” मी विचारलं.

“नाही. पण बातम्या ऐकतोय, आणि तुम्ही आल्यापासून नुसती खरखर येतेय.”

“माझ्यामुळे?”

“तुमच्या पिशवीमुळे.” आता त्याने वर पाहिलं. पाऊस नुकताच थांबला होता. त्याच्या चष्म्यावर अजून थेंब होते, आणि त्यामागचे डोळे – खोटं कशाला बोलू – चांगले होते. “आत काहीतरी चालू राहिलंय. ते ओरडतंय.”

पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला माझ्या सर्किटचा नमुना होता. सुट्टीत घरी नेला होता, आणि बॅटरी काढायची राहून गेली होती. हे कळलं तसा मला जास्तच राग आला.

“ते ओरडत नाही. ते माझं काम आहे.”

“काम चांगलंच असेल,” तो म्हणाला, “फक्त आवाज फार करतंय.”

तेवढ्यात बस आली. तो पुढे बसला. मी त्याच्या बरोब्बर मागच्या सीटवर बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि बॅटरी काढली नाही. नाकावर टिच्चून. पुढून सगळा रस्ताभर खरखर ऐकू येत होती. शेवटी त्याने रेडिओ बंद केला, आणि मला तेव्हा जे समाधान मिळालं ते आठवलं की आजही हसू येतं.

आमची कंपनी लहान. एका इमारतीचा तिसरा मजला आणि मूठभर माणसं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी आम्ही एक डबी बनवत होतो. ती टीव्हीजवळ ठेवायची, की टीव्हीचा आवाज थेट त्यांच्या कानातल्या यंत्रात. बाकीच्या घराच्या कानठळ्या बसायच्या बंद. त्या डबीतला सर्किट बोर्ड माझा होता. माझ्या एकटीने आखलेला, पहिलावहिला.

याच्या आधीच्या यंत्राचं काय झालं होतं ते ऑफिसात कुणी मोठ्याने बोलत नसे. सगळं तयार करून ते टेस्टला पाठवलं आणि ते नापास झालं. शेजारचा फोन वाजला की ते गडबडायचं, आणि ते चालू केलं की शेजारचा फोन. साचे झालेले, खोकी छापून आलेली... मग तारेवर गोंगाट अडवणारे मणी चढवा, आतून तांब्याची पट्टी चिकटवा, असं ठिगळावर ठिगळ लावत बसलो. ते यंत्र बाजारात गेलंच नाही.

म्हणून या वेळी आमच्या मॅडमनी ठरवलं, की बोर्ड कागदावर असतानाच टेस्टिंग लॅबचा माणूस येऊन तो तपासेल.

“महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी बोर्ड कारखान्यात गेला पाहिजे,” त्या मला म्हणाल्या. “तपासणाऱ्याच्या सहीसकट. नाही गेला, तर मी तो बाहेरच्या डिझायनरकडे देईन. मागच्यासारखं मला परत परवडणार नाही.”

तेवढ्यात दार उघडलं आणि लॅबचा माणूस आत आला. काखेत फाईल, खिशात रेडिओ.

“आपण भेटलोय,” तो म्हणाला.

“दोन पावलं अंतरावरून,” मी म्हणाले.

मॅडमना काही कळलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून त्याचं नाव रेडिओ ठेवलं.

रेडिओने माझ्या बोर्डाचा भलामोठा प्रिंट टेबलभर पसरला, लाल पेन काढलं आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “ग्राउंड कुणी कापलं?”

ग्राउंड म्हणजे बोर्डाच्या खालचा तांब्याचा थर. त्याचे मी मधोमध चिरून दोन भाग केले होते. “मी कापलं. आवाजाचा नाजूक भाग इकडे, धडधड करणारा डिजिटल भाग तिकडे. दोघांची भांडणं नकोत म्हणून मध्ये फट ठेवली. कॉलेजात असंच शिकवलंय.”

“आणि ही तार त्या फटीवरून उडी मारून गेलीय.”

“मग? पलीकडे पोचायला नको?”

“पोचतेय की. परत कशी येणार?”

तो बोटाने दाखवायला लागला. सिग्नल नुसता जात नाही, तो परतही येतो, आणि त्याला आपल्या जायच्या वाटेच्या अगदी खालून परत यायचं असतं. “ती खालची वाटच तुम्ही कापलीत. आता तो बिचारा अख्ख्या बोर्डाला वळसा घालून घरी येतोय, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा गात गात येतोय.”

“पुस्तकात लिहिलंय तसं केलंय मी.”

“नमुन्यावरही हीच फट आहे?”

होती. त्याने नमुना चालू केला, शेजारी रेडिओ ठेवला. खरखर. मग तांब्याची एक छोटी पट्टी कापली, बरोबर त्या तारेखाली फटीवर ठेवली आणि दोन्ही टोकांना डाग दिला. खोलीत गरम सोल्डरचा वास पसरला... आणि रेडिओवरची बाई स्वच्छ आवाजात हवामान सांगायला लागली. माझी बोलती बंद झाली. फार वेळा होत नाही, घरी कुणालाही विचारा.

“पुस्तक चुकीचं नाही,” तो हळूच म्हणाला. “फक्त फटीवरून तार न्यायची नाही, हे पुढच्या पानावर असतं.”

एवढं सांभाळून बोलायची काय गरज होती? जिंकला होता, खुशाल मिरवायचं. तो मिरवला नाही आणि मला तो आवडायला लागला. मला अर्थातच हे तेव्हा कळलं नाही.

मग तो दर एक-दोन दिवसांनी दुपारी यायला लागला. बाहेर रिमझिम, आत तो प्रिंट, दोन चहा, आणि लाल पेन. इतर लोक चुकीवर फुली मारतात. तो छोटंसं प्रश्नचिन्ह काढायचा.

“तुम्ही सगळ्यांच्याच चुका अशा शोधता?”

“पोटापाण्यासाठी.”

“मग माणसं आवडेनाशी होत नाहीत का?”

“माणसं आवडतात. त्यांच्या क्लॉकच्या तारा आवडत नाहीत.”

“माझी?”

तो प्रिंटवर वाकला. “तुमची... जरा लांब आहे.”

“तुमची जीभही जरा लांब आहे.”

तो हसला. हसताना तो आधी चष्मा सारखा करतो, मग हसतो – परवानगी घेतल्यासारखा. मी क्लॉकची, म्हणजे बोर्डाला ठोके पुरवणारी, तार निम्म्याने आखूड केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर ठेवली. त्याने नुसतं प्रश्नचिन्ह खोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. हे पाहणं जरा लांबलं. मग दोघांनी एकदमच चहा उचलला.

“हे सगळं तपासायचं ते कशासाठी, एका वाक्यात सांगा,” मी एकदा म्हटलं.

“शेजारी शेजारी नांदता आलं पाहिजे,” तो म्हणाला. “आपण दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही, आणि दुसऱ्याने केली तर लगेच कोलमडायचं नाही.”

“हे यंत्रांबद्दल ना?”

“यंत्रांबद्दलच...” त्याचे कान लाल झाले होते.

घरी दादा आणि वहिनी. दादाला काही दिसत नाही, वहिनीला भिंतीपलीकडचं दिसतं.

“आज कुठला शर्ट होता?” कपड्यांच्या घड्या घालताघालता तिने विचारलं.

“मला काय माहीत. मी शर्ट बघायला जाते का?” मी म्हणाले. “...निळा. बाह्या दुमडलेल्या.”

“बरं बरं. माहीत नाही ना, मग राहू दे.”

शेवटचा आठवडा आला. लाल प्रश्नचिन्हं एकेक करत संपली. बुधवारी तो म्हणाला, “तुमचा बोर्ड तयार झाला की ज्या खोलीत टेस्टला बसणार आहे, ती बघायचीय?”

ती खोली त्याच्या लॅबमध्ये होती. तिजोरीसारखं जाड दार, आणि आत भिंतींना, छताला निळ्या स्पंजाच्या टोकदार शंकूंच्या रांगाच्या रांगा. दार लागलं आणि माझ्या फोनची रेंज गेली. आवाजही गेला. इतकी शांतता, की मी गिळलेला आवंढा मलाच ऐकू आला. म्हणजे त्यालाही आला असणार.

“बाहेरचं काही आत येत नाही,” तो म्हणाला. “आतलं बाहेर जात नाही.”

“म्हणजे इथे भांडलं तर कुणाला कळणार नाही.”

तो हसला नाही. चष्मा मात्र सारखा केला. “शुक्रवारी मला तुमच्या बोर्डावर सही करायचीय. आणि आमच्याकडे एक नियम आहे. ज्या माणसाशी आपलं काही आहे, त्याचं काम आपण तपासायचं नाही.”

“आपलं कुठे काय आहे?” मी फार पटकन बोलले.

“तुमच्या बाजूचं मला माहीत नाही.” तो थांबला. “माझ्या बाजूने आहे.”

मला वाटलं, माझ्या छातीतली धडधड त्या शंकूंनी तरी शोषून घ्यावी. कसली घेतात.

“मी आमच्या बाईंना विचारलं,” तो घाईघाईने सांगायला लागला. बाई म्हणजे त्याच्या लॅबच्या प्रमुख. कुणाचीही सबब बोलायच्या आत कापतात म्हणून सगळे त्यांना मागे कात्री म्हणतात. “त्या म्हणाल्या, एकतर्फी असेल तर तो तुझा ताप, गुमान सही कर. दोन्हीकडून असेल तर कागद माझ्याकडे दे, मी पहिल्यापासून तपासते.”

“त्यांना किती वेळ लागतो?”

“आठवड्याच्या आत त्यांनी आजवर काही सोडलेलं नाही.”

म्हणजे शुक्रवार गेला. म्हणजे बोर्ड गेला. मी नाही म्हणायचं आणि बोर्ड ठेवायचा, किंवा हो म्हणायचं आणि बोर्ड कुणा परक्याच्या हातात द्यायचा. इतकं सरळ होतं ते.

“हे तुम्ही शनिवारी सांगायचं होतं,” मी म्हणाले.

“सही करून मग सांगितलं असतं, तर ती सही खोटी झाली असती. तुमच्या बोर्डावर खोटी सही मला नको होती.” मग अगदी हळू म्हणाला, “नाही म्हणालात तरी चालेल. मी सही करेन आणि परत हा विषय काढणार नाही. खरंच.”

“दार उघडा,” मी म्हणाले. “मला बाहेर जायचंय.”

संध्याकाळी वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग उद्या नाही म्हण, आणि शनिवारी हो म्हण. त्यात काय एवढं?”

“तसं नाही करता येत.”

“त्याला कुठे कळणारे?”

“मला तर माहीत असेल ना, वहिनी.”

तिने हातातली घडी बाजूला ठेवली. मग मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. त्या बोर्डाची एकूण एक तार मी माझ्या हाताने आखली होती. आणि त्या माणसाला नको म्हणायचं, या नुसत्या विचाराने माझा जीव कासावीस होत होता. दोन्ही खरं होतं. वहिनी पाठीवरून हात फिरवत राहिली. काय कर म्हणून तिने सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

सकाळी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

“मॅडम, तपासणारा माणूस बदलायला हवा.”

“का, काय केलं त्याने?”

“काही नाही. मला तो आवडतो. त्यालाही मी आवडते. त्यामुळे त्याची सही चालणार नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हे शनिवारनंतर आवडून चाललं नसतं का?”

“नसतं, मॅडम. आधीच आवडून बसलाय.”

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला की काय कोण जाणे. “बोर्ड बाहेर देईन असं मी म्हणाले होते.”

“लक्षात आहे.”

“मी बोललेलं फिरवत नाही.”

“तेही माहीत आहे,” मी म्हणाले आणि बाहेर आले. जागेवर जाऊन बसले तेव्हा मनावरचं ओझं उतरलं होतं.

मॅडमनी लॅबला फोन केला आणि त्याच दुपारी कात्रीबाई आल्या. ठेंगण्या, पांढरे केस, पर्समध्ये भिंग. पहिलंच वाक्य, “माझं तपासून होईपर्यंत तुम्ही दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही. फोन नाही, मेसेज नाही. त्यालाही सांगून आलेय.” आणि तोच प्रिंट मागितला, लाल खुणांचा.

शुक्रवार आला आणि गेला. मॅडमनी बाहेरच्या डिझायनरला फोन लावलेला मी काचेतून पाहिला. बाई मात्र इंच इंच सरकत होत्या. मी समोर बसून विचारलेल्याची उत्तरं देत होते, आणि हा बोर्ड आता माझा राहणार नाही हे स्वतःला समजावत होते.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी बाईंचं बोट प्रिंटच्या उजव्या कोपऱ्यावर थांबलं.

“इथे एकही प्रश्नचिन्ह नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे तिथे चूक नसेल...”

“इथे दोन गोल डाग आहेत. कसले आहेत?”

मी पाहिलं, आणि माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. “चहाचे. आम्ही तिथे कप ठेवत होतो.”

“रोज?”

“रोज.”

“आणि उचलून कुणी बघितलं नाही.” बाईंनी भिंग ठेवलं. “म्हणजे कपाखालचं सोडून सगळा बोर्ड तपासलात. बघायला समोर दुसरंच काहीतरी होतं, नाही का?”

त्या कपांखाली चार्जिंगची वायर जोडायची जागा होती. तिथून बाहेर जाणाऱ्या वायरच्या वाटेत मी काही म्हणजे काही बसवलं नव्हतं, एक साधा फिल्टरसुद्धा नाही. बोर्डातला सगळा गोंगाट त्या वायरवरून आरामात घराबाहेर पडला असता. तसाच शुक्रवारी कारखान्यात गेला असता, तर तो त्या निळ्या खोलीत नक्की नापास झाला असता. साचे झाल्यावर. खोकी छापून आल्यावर.

बाईंनी मॅडमना बोलावून दाखवलं. मॅडम त्या दोन डागांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग परत डागांकडे.

“तू त्या दिवशी काही बोलली नसतीस,” त्या म्हणाल्या, “तर याच्यावर त्याची सही असती.”

“हो.”

“आणि मी निर्धास्त झाले असते.” त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. “मला मागच्यासारखं नको होतं. बोर्ड बाहेर देणार होते तो त्यासाठी, तारखेसाठी नाही. त्या डिझायनरला मी नको म्हणून कळवते. दुरुस्त कर. चहा जागेवरून उठून प्यायचा.”

“पण तुम्ही बोललेलं फिरवत नाही...”

“मग आता तू फिरवायला लावू नकोस. बस कामाला.”

मी बसले. फिल्टर बसवला, त्याच्याखालचं ग्राउंड अखंड ठेवलं, पुन्हा पुन्हा तपासलं. बाईंनी भिंगातून शेवटचं पाहून सही केली, आणि कारखान्याची पुढची पाळी मिळाली तेव्हा बोर्ड गेला. माझा बोर्ड.

मी तशीच लॅबवर गेले. बाहेर बारीक पाऊस पडत होता. तो मागच्या दाराशी एका ढकलगाडीवर केबलींची भेंडोळी रचत होता. मला बघून त्याच्या हातातलं भेंडोळं सुटलं आणि उलगडत पायरीवरून खाली गेलं. आम्ही दोघंही तिकडे बघत राहिलो.

“बोर्ड?” त्याने विचारलं.

“गेला. सहीसकट. कपाखाली मोठा घोळ होता.”

“कळलं. बाई परवापासून मला कप म्हणून हाक मारतायत.”

मी हसले. तोही हसला. समोर प्रिंट नाही, लाल पेन नाही... कुठे बघायचं हेच कळेना.

“तुम्ही तुमच्या मॅडमना सांगितलंत म्हणे,” तो म्हणाला.

“सांगितलं.”

“आमच्या बाईंनाही.”

“त्यांनी तोंडावर विचारलं.”

“वहिनींना?”

“तिला माझ्याही आधीपासून माहीत होतं.”

“मला बाई येऊन म्हणाल्या, ‘दोन्हीकडून आहे, कागद दे.’ एवढंच. मी कागद दिला.” तो केबलच्या टोकाशी चाळा करत होता. “इतके दिवस तेवढ्या एका वाक्यावर काढले. मला तुम्ही काहीच सांगितलं नाहीत.”

खरंच की. सगळ्या दुनियेला सांगून झालं होतं, आणि ज्याला सांगायचं त्यालाच सोडून. त्या खोलीतून मी दार उघडा म्हणून निघून आले होते, ते आत्ता परत येत होते.

मॅडमसमोर एवढी घाबरले नव्हते.

“मला तुम्ही आवडता,” मी म्हणाले. “बोर्ड हातचा गेला असता ना, तरी आवडला असतात. खूप रडले असते, पण आवडला असतात.”

पाऊस त्याच्या चष्म्यावर पडत होता. या वेळी त्याने तो सारखा केला नाही, काढूनच टाकला, आणि खिशात ठेवला. मग दोन पायऱ्या उतरून माझ्याजवळ आला आणि माझा हात हातात घेतला. त्याचा हात गार होता.

“परत एकदा सांग,” तो म्हणाला.

“नीट ऐकू आलं नाही?”

“आलं. अगदी स्वच्छ आलं.” त्याने हात सोडला नाही. “तरी परत सांग.”

मी परत सांगितलं.